दोन नाणी फेकली तर निकाल तीन की चार? (दहावी, संभाव्यता)

मानेवाडा_बाबा | रविवार, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी. गणिताचा प्रश्न आहे. शिकवणी वर्गाचे नंबर नकोत, समजावून सांगणारं कोणी हवं आहे.

मुलगी यंदा दहावीला. स्टेट बोर्ड, मराठी माध्यम. गणित भाग १ मधला पाचवा धडा, संभाव्यता, सुरू आहे. दोन नाणी एकाच वेळी फेकली तर एक छापा आणि एक काटा मिळण्याची संभाव्यता काढा, असं उदाहरण होतं. हिने लिहिलं १/३. वही तपासून आली तेव्हा त्यावर लाल रेघ आणि बाजूला १/२. तिने वर्गात उभं राहून विचारलं की असं का, तर उत्तर मिळालं, "नमुना अवकाशात (म्हणजे सगळ्या शक्य निकालांच्या यादीत) चार घटक आहेत, चारच लिहायचे." विषय तिथेच संपला.

रात्री जेवण झाल्यावर तिने माझ्यासमोर एक-एक रुपयाची दोन नाणी ठेवली. म्हणाली, "बाबा, दोन्ही सारखी आहेत ना? मी मुठीत धरून एकदम टाकते. खाली काय दिसते? दोन छापे, नाहीतर दोन काटे, नाहीतर एक-एक. तीनच गोष्टी दिसून राहिल्या. चौथी कुठे आहे ते दाखवा."

मला दाखवता आली नाही. मी औषधाच्या दुकानात हिशेब पाहतो, गणिताचा संबंध दहावीनंतर सुटला. तिचं म्हणणं मला चूक वाटत नाही आणि पुस्तकही चूक नसणार. मग गडबड नेमकी कुठे आहे? पोरगी गप्प बसली आहे, पण तिला पटलेलं नाही हे तिच्या तोंडावर दिसतं. मला ते पाहवत नाही.

सीताबर्डी_एक्स्प्रेस | रविवार, रात्री ९.२५

दादा, बोर्डात दोन मार्काचं असते हे. चार घटक लिहायचे आणि पुढे जायचं. डोकं लावत बसली तर वेळ जाते आणि मार्क कापल्या जातात. पाठ करू द्या.

निवृत्त_मास्तरीण | रविवार, रात्री १०.०५

पाठ करू देऊ नका, हात जोडून सांगते. तीस वर्षं हा विषय शिकवला आहे आणि हा प्रश्न विचारणारी मुलं मला बोटावर मोजता आली. बाकीच्यांनी चार घटक उतरवून घेतले आणि सुटी झाली.

आधी तिला हे सांगा की हीच चूक द'अलंबेर या फ्रान्सच्या मोठ्या गणितज्ञाने केली होती, आणि तीही छापून. १७५४ साली दिदेरोच्या विश्वकोशाच्या चौथ्या खंडात त्याने छापा-काट्यावर टिपण लिहिलं. नाणं दोनदा फेकायचं आणि निदान एकदा छापा यायला हवा. त्याने असं मोजलं: पहिल्याच फेकीत छापा आला तर खेळ संपला, तो एक निकाल. पहिल्यांदा काटा, मग छापा, हा दुसरा. दोन्हीदा काटा, हा तिसरा. तिनातले दोन आपल्या बाजूचे, म्हणून २/३. खरं उत्तर ३/४. तेव्हा तुमची लेक चांगल्या माणसाच्या पंगतीला बसली आहे.

आता गडबड कुठे ते पाहू. तीनच निकाल दिसतात, हे तिचं म्हणणं अगदी बरोबर आहे. तीन घटकांची यादी लिहिणंसुद्धा चूक नाही. चूक पुढच्या पायरीवर होते, जेव्हा आपण म्हणतो, "तीन आहेत, म्हणून प्रत्येकाला १/३." अनुकूल घटक भागिले एकूण घटक, हे सूत्र पुस्तकात आहे. पण ते एका अटीवर चालतं. सगळे घटक समसंभाव्य, म्हणजे प्रत्येक येण्याची शक्यता सारखी, असले पाहिजेत. ही अट मुलं वाचून सोडून देतात, कारण परीक्षेत तिच्यावर वेगळा प्रश्न येत नाही. निकाल किती आहेत हे मोजणं सोपं आहे. ते एकमेकांच्या तोडीस तोड आहेत हे म्हणायला कारण द्यावं लागतं.

कारण कुठून आणायचं? घरात नखपॉलिश असेलच. एका नाण्याच्या दोन्ही बाजूंना कडेला एकेक ठिपका लावा. वाळू द्या. मग तिला विचारा: ठिपका लावल्याने नाणं वेगळं पडायला लागेल का? ती म्हणेल नाही. नाण्याला काय ठाऊक आपल्याला ठिपका आहे म्हणून. म्हणजे ठिपक्याआधी आणि ठिपक्यानंतर सगळ्या शक्यता त्याच राहायला हव्यात. पण आता तिच्या डोळ्यांना काय दिसेल? साठ वेळा टाकायला लावा, चादरीवर, म्हणजे नाणी घरंगळत जाणार नाहीत. तुम्ही मधे काही सांगू नका.

पेंचचा_वाघ | रविवार, रात्री १०.४०

मॅडम, नखपॉलिशची युक्ती माझ्या वर्गात वापरतो उद्यापासून.

मानेवाडा_बाबा | सोमवार, रात्री ८.५०

मॅडम, केलं. जसं घडलं तसं सांगतो.

दिवाणावर चादर पसरली. तिने वहीत आधी तीनच रकाने आखले, आपल्या म्हणण्याप्रमाणे: दोन छापे, दोन काटे, एक-एक. प्रत्येक फेकीला एक रेघ, पाचवी रेघ आडवी. विसाव्या फेकीलाच तिसरा रकाना पुढे निघाला. तिसाव्या फेकीला ती थांबली, नाणी हातात घेऊन बसली. मग परत सुरू केलं, पण आता प्रत्येक फेकीला वाकून ठिपका कोणत्या नाण्यावर आहे ते पाहू लागली. पहिल्या तीस फेकी खोडल्या आणि नव्याने साठ केल्या. या वेळी "एक-एक"च्या रकान्यात तिने मधून उभी रेघ मारली. डावीकडे ठिपक्याच्या नाण्यावर छापा, उजवीकडे साध्या नाण्यावर छापा.

साठ फेकींचा हिशेब: दोन छापे १३, दोन काटे १८, एक-एक २९. आणि त्या २९ मधले डावीकडे १४, उजवीकडे १५.

तिने ते चार आकडे पाहिले, १३, १८, १४, १५, आणि म्हणाली, "बाबा, हा एक रकाना नाही, दोन आहेत. मला एकच दिसत होता." मी काहीच बोललो नाही. तुम्ही सांगितलं होतं तसंच.

सीताबर्डी दादा, वेळ गेला खरा. पाऊण तास. पण आता ती हे विसरणार नाही.

सीताबर्डी_एक्स्प्रेस | सोमवार, रात्री ९.०५

मान्य आहे बाप्पा. मीच माझ्या पोट्ट्याले करून दाखवतो हे.

खापरी_कट्टा | सोमवार, रात्री ९.३०

मॅडमना एक विचारायचं आहे. माझा पुतण्या म्हणतो, "उद्या पाऊस येईल किंवा येणार नाही, म्हणजे पन्नास टक्के." त्याला कितीही समजावलं तरी तो म्हणतो दोनच तर गोष्टी आहेत. हे त्यातलंच ना?

निवृत्त_मास्तरीण | सोमवार, रात्री १०.१५

त्यातलंच, आणि सगळ्यात जास्त पसरलेलं. पुतण्याला म्हणा, मग मी तीन निकाल करते: पाऊस नाही, रिमझिम, धो-धो. आता पावसाची शक्यता दोन तृतीयांश झाली का? उद्याचं आभाळ तेच आहे, आपण फक्त नावं वाढवली. नावं वाढवून शक्यता बदलत असेल तर ती शक्यता आभाळाची नव्हती, आपल्या यादीची होती.

आणि आपल्या नागपुरात तर हे डोळ्यांसमोर आहे. मेच्या मधल्या आठवड्यात, पारा ४५ च्या पलीकडे असताना, आणि जुलैच्या मधल्या आठवड्यात, दोन्हीकडे "येईल किंवा येणार नाही" हेच दोन पर्याय असतात. दोन्ही दिवशी छत्री घेऊन निघायचं का, हा प्रश्न मात्र कोणाला सारखा वाटत नाही. सोनेगावला विमानतळाजवळ प्रादेशिक हवामान केंद्र आहे. तिथली माणसं शक्यता सांगतात ती जुन्या नोंदी, वारे, दाब, उपग्रहाची चित्रं यांवरून. पर्याय किती, हे मोजून नाही.

आता मघाशी राहिलेली गोष्ट. चूक मोठ्या-मोठ्यांची झाली, पण ती पकडली कशी गेली हे मुलांना सांगण्यासारखं आहे. इटलीत जुगारी लोक तीन फासे टाकत. त्यांच्या लक्षात आलं की बेरीज ९ पेक्षा १० थोडी जास्त वेळा येते. पण कागदावर दोन्ही सहा-सहा प्रकारे होतात. नऊसाठी: १-२-६, १-३-५, १-४-४, २-२-५, २-३-४, ३-३-३. दहासाठी: १-३-६, १-४-५, २-२-६, २-३-५, २-४-४, ३-३-४. सहाला सहा. मग फरक का? तस्कनीच्या ग्रँड ड्यूकच्या सांगण्यावरून गॅलिलिओने हे सोडवलं. फाशांना वेगवेगळे रंग आहेत असं समजा. १-२-६ हे सहा वेगळ्या तऱ्हांनी पडू शकतं, १-४-४ तीन तऱ्हांनी, आणि ३-३-३ फक्त एका. मोजत गेलं की नऊसाठी २५ आणि दहासाठी २७ तऱ्हा, एकूण २१६ पैकी. फरक शंभरात एकाहूनही कमी. तो त्या लोकांना नुसतं खेळून खेळून जाणवला होता. मला दर वर्षी हे शिकवताना त्या अनाम जुगाऱ्यांचं कौतुक वाटायचं.

लाइबनिट्स हा जर्मन गणितज्ञही अशाच ठिकाणी फसला. दोन फाशांत ११ आणि १२ दोन्ही एकेकाच प्रकारे येतात, म्हणून शक्यता सारखी, असं तो म्हणाला. १२ ला ६-६ हवेत, एकच तऱ्हा. ११ ला ५-६ आणि ६-५, दोन.

महालची_लेक | मंगळवार, दुपारी २.२०

हे वाचून मला आमच्या वाड्याची ओसरी आठवली. आजीसोबत अष्टचंग खेळायचो. चार कवड्या असायच्या, कवड्या नसल्या की चिंचोके. चिंचोका फरशीवर घासायचा, एका बाजूने आतलं पांढरं दिसेपर्यंत. बोटाची कातडी सोलून निघायची. चार चिंचोके एकदम टाकायचे आणि पांढरे किती वर ते मोजायचे. एक, दोन, तीन, चारही पांढरे तर चंग, एकही नाही तर अष्ट, म्हणजे आठ घरं. चंग-अष्टला परत डाव मिळायचा.

पाच निकाल. पण पाचही सारखे नाहीत हे आम्हाला कोणी शिकवलं नव्हतं, हाताला माहीत होतं. "दोन" तर सारखंच पडायचं, कंटाळा यायचा. आज मॅडमच्या रीतीने मोजून पाहिलं. चार चिंचोक्यांना चार रंग दिले तर १६ तऱ्हा होतात. अष्टला १, एकला ४, दोनला ६, तीनला ४, चंगला १. म्हणून तर चंग आणि अष्टला मान!

पण मग एक शंका आली. चिंचोका म्हणजे काही नाणं नाही. एक बाजू घासून सपाट झालेली, दुसरी गोल. आजीचा एक चिंचोका होता, तो सारखा पांढराच पडायचा, आम्ही त्याच्यावरून भांडायचो. मग त्या १६ तऱ्हा तरी समसंभाव्य आहेत का?

निवृत्त_मास्तरीण | मंगळवार, सायंकाळी ६.००

नाहीत! आणि हा प्रश्न नाण्याच्या प्रश्नापेक्षाही खोल आहे.

नाण्याच्या दोन बाजू सारख्या का मानतो? कारण छापा आणि काटा अदलाबदल केले तरी नाण्याच्या आकारात, वजनात जवळपास काही बदलत नाही. फाशाच्या सहा बाजूंचंही तेच. बाजूंची अदलाबदल केली तरी वस्तू तशीच राहते, हे समसंभाव्य म्हणण्यामागचं कारण. चिंचोक्याला उलटा केला तर तो तसा राहत नाही. त्याची गोल बाजू खाली असली तर तो डोलतो, सपाट बाजू खाली असली तर बसतो. कवडीचंही तसंच, पाठ फुगीर आणि तोंड चिरलेलं. तिथे अर्धं-अर्धं म्हणायला आपल्याकडे आधारच नाही. टाकून, मोजूनच शोधावं लागतं.

समजा मोजल्यावर कळलं की चिंचोका पाचातून दोनदा पांढरा पडतो. मग चंग होण्याची संभाव्यता २/५ चार वेळा गुणून १६/६२५, आणि अष्टची ३/५ चार वेळा गुणून ८१/६२५. तऱ्हा दोघांनाही एकेकच, पण अष्ट चंगच्या पाचपट. आजीचा तो लाडका चिंचोका सगळं पुन्हा बदलून टाकेल.

अंबाझरी_हॉस्टेल | मंगळवार, रात्री ११.१०

मी इंजिनिअरिंगला आहे, तिसरं वर्ष. खऱ्या नाण्यांचे आणि फाशांचे आकडे देतो, मुलीला आवडतील.

दुसऱ्या महायुद्धात जॉन केरिच नावाचा गणितज्ञ डेन्मार्कमध्ये नजरकैदेत अडकला होता. वेळच वेळ. त्याने नाणं १०,००० वेळा फेकलं, छापा ५,०६७ वेळा आला. अर्ध्याच्या अगदी जवळ.

फाशांचं मात्र तसं नाही. इंग्लंडमध्ये वेल्डन नावाच्या जीवशास्त्रज्ञाने १८९४ साली बारा फासे २६,३०६ वेळा टाकून नोंदी ठेवल्या. म्हणजे एकूण ३,१५,६७२ फासे. त्यात ५ किंवा ६ आले १,०६,६०२ वेळा. फासे अगदी सारखे असते तर १,०५,२२४ च्या आसपास यायला हवे होते. एवढ्या फेकींत इतका फरक नुसत्या योगायोगाने पडत नाही. कार्ल पिअर्सन या संख्याशास्त्रज्ञाने १९०० साली आपली काय-वर्ग चाचणी (फरक योगायोगाचा आहे की नाही हे तपासायची रीत) मांडली तेव्हा हेच आकडे वापरले. कारण साधं असू शकतं: स्वस्त फाशावर ठिपके कोरलेले असतात. ६ च्या बाजूला सहा खड्डे, समोर १ ला एक. जिथून जास्त लाकूड किंवा हाड निघालं ती बाजू हलकी, आणि हलकी बाजू वर राहते. कॅसिनोत म्हणून खड्डे तेवढ्याच वजनाच्या रंगाने भरून घेतात.

आणि नाण्याचंही एक सांगतो. २०२३ मध्ये फ्रांतिशेक बार्तोश आणि सोबत्यांनी ३,५०,७५७ वेळा नाणी उडवली. सुरुवातीला जी बाजू वर होती तीच वर पडण्याचं प्रमाण ५०.८ टक्के निघालं. छाप्याला किंवा काट्याला झुकतं माप मिळालं नाही, फक्त सुरुवातीच्या बाजूला मिळालं. त्यामुळे टॉसच्या वेळी नाणं आधी झाकून अंगठ्यावर ठेवलं तर वाद मिटतो.

निशिगंध_धरमपेठ | बुधवार, सकाळी ११.३०

मला गणित येत नाही, पण हे वाचल्यावर मनातली एक गोष्ट सांगते.

आमची भिशी आहे, वीस जणींची. दर महिन्याला चिठ्ठी काढतो, जिचं नाव निघेल तिला पैसे. चिठ्ठ्या स्टीलच्या डब्यात. सहा-सात महिन्यांनी लक्षात आलं की ज्या उशिरा पैसे आणून देतात त्यांचीच नावं निघतात. मी दरवेळी पहिल्या तारखेला देणारी, माझं नाव सतराव्या महिन्यात निघालं. मनात आलं तरी कोणाला बोलले नाही, कारण चिठ्ठी काढणारी लहान मुलगी होती, तिच्यात खोट कुठली. पण पैसे आले तशी चिठ्ठी डब्यात पडायची. उशिराची चिठ्ठी वर. डबा उभट, हात वरच्या वर घालायची. सगळ्या चिठ्ठ्या एकाच कागदाच्या, सारख्या घडीच्या, आणि तरी…

निवृत्त_मास्तरीण | बुधवार, दुपारी १२.४५

ताई, तुम्हाला गणित येत नाही असं म्हणू नका. चिठ्ठ्या सारख्या असणं पुरेसं नाही, त्या काढण्याची रीतही तशीच निःपक्षपाती लागते, हे तुम्ही स्वतः शोधलंत.

अगदी हेच अमेरिकेत घडलं. १ डिसेंबर १९६९ रोजी व्हिएतनाम युद्धासाठी कोणाला आधी बोलवायचं हे चिठ्ठीने ठरवलं. वर्षाच्या ३६६ तारखा, प्रत्येक एका डबीत. डब्या महिन्यांच्या क्रमाने घातल्या आणि नीट मिसळल्याच नाहीत. वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत जन्मलेल्या मुलांच्या तारखा लवकर निघाल्या. वर्तमानपत्रांनी आणि संख्याशास्त्राच्या लोकांनी ते पकडलं. पुढच्या वर्षी रीत बदलली: तारखांचा एक पिंप, क्रमांकांचा दुसरा, आणि दोन्हींतून काढायचं. भिशीच्या पैशापेक्षा किती मोठी गोष्ट पणाला लागली होती, विचार करा.

पत्त्यांच्या उदाहरणात "नीट पिसलेल्या कॅटमधून" असं लिहिलेलं असतं ना, ते शब्द मुलं वाचत नाहीत. सगळं उदाहरण त्या "नीट पिसलेल्या"वर उभं आहे. तसंच "यादृच्छिक", म्हणजे प्रत्येकाला निघायची सारखी संधी. त्याचा अर्थ "कसंही, जमेल तसं" असा लावतात. जमेल तसं काढलेलं बहुतेक वेळा यादृच्छिक नसतंच, हात सोयीच्या जागी जातो.

कळमना_आडत | बुधवार, रात्री ९.१५

हात सोयीच्या जागी जाते, हे आमच्यासारख्याले विचारा. संत्र्याचा माल पाहायला नवीन माणूस येते, ढिगाच्या वरून चार फळं उचलते, फोडून पाहते, गोड लागली का भाव लावते. वरची फळं कशी असतात हे काय सांगायला पाहिजे? जाणता माणूस बाहीवर करते आणि ढिगाच्या पोटात, खाली, बाजूनं, जिथं दिसत नाही तिथून फळ काढते. मृगाच्या मालात तर एकाच झाडाचं फळ उन्हाकडचं वेगळं, सावलीकडचं वेगळं. ढिगातलं प्रत्येक संत्र हाती येण्याची शक्यता सारखी पाहिजे, तेव्हा चार फळांवरून ढीग कळते. आम्ही याला संभाव्यता म्हणत नव्हतो एवढंच.

पदार्थवेडा | बुधवार, रात्री ११.५५

धागा वाचून राहवलं नाही. मी भौतिकशास्त्रात एमएस्सी केलं आहे. बाबा, तुमच्या लेकीने विचारलं होतं: "दोन्ही सारखी आहेत ना? मग तीनच." हे वाक्य मी दोनदा वाचलं. कारण निसर्गात अशी एक जागा आहे जिथे तिचं १/३ बरोबर आहे.

प्रकाशाचे कण घ्या, फोटॉन. दोन फोटॉन, आणि त्यांना राहायला दोन अवस्था, डावी-उजवी म्हणू. नाण्यासारखे मोजले तर दोन्ही डावीकडे १/४, दोन्ही उजवीकडे १/४, एक-एक १/२. तापलेल्या वस्तूतून किती प्रकाश बाहेर पडतो हे सांगणारं प्लांकचं प्रारणाचं सूत्र असल्या मोजणीने नीट निघत नव्हतं. १९२४ साली ढाका विद्यापीठात सत्येंद्रनाथ बोस यांनी वेगळी मोजणी केली. तीनच अवस्था, तिन्हींना सारखं वजन, म्हणजे १/३, १/३, १/३. त्यांनी लेख आइनस्टाइनला पाठवला. आइनस्टाइनने स्वतः त्याचा जर्मन अनुवाद करून छापायला दिला. त्या मोजणीला आज बोस-आइनस्टाइन सांख्यिकी म्हणतात आणि त्या जातीच्या कणांना बोसॉन.

फरक नखपॉलिशमध्ये आहे. नाण्यावर ठिपका लावता येतो. लावला नाही तरी प्रत्येक नाण्याचे ओरखडे वेगळे, हवेतली वाट वेगळी. आपल्या डोळ्यांना ती सारखी दिसतात, पण ती दोन वेगळी नाणी आहेत. फोटॉनवर ठिपका लावायला जागाच नाही. "हा पहिला, तो दुसरा" असं म्हणण्यालाच अर्थ नाही. म्हणून तिथे उभी रेघ मारून रकाना दोनात कापता येत नाही.

कोणते निकाल समसंभाव्य हे घरी बसून ठरवता येत नाही, हे मला एमएस्सीला आल्यावर कळलं. तिला दहावीत दिसलं आहे. तिला बोसबद्दल नक्की सांगा. सुटीच्या दिवशी रमण विज्ञान केंद्रात घेऊन जा, तिला मजा येईल.

मानेवाडा_बाबा | गुरुवार, रात्री १०.२०

सगळ्यांचे मनापासून आभार. आज तिला पूर्ण धागा मोबाइलवर वाचायला दिला. बोस यांच्याजवळ थांबली, दोनदा वाचलं, मग वहीतल्या लाल रेघेखाली बारीक अक्षरात लिहिलं: "नाणी असतील तर १/२."

पदार्थवेडा सर, रविवारी विज्ञान केंद्रात जायचं ठरलं.

महालच्या ताई, तुमच्या अष्टचंगाने आमच्या घरात धुमाकूळ घातला आहे. शाळेतून आल्यावर तिने आईच्या चिंचेच्या डब्यातून चिंचोके काढले आणि गच्चीच्या पायरीवर घासत बसली. आईने हाक मारली तरी उठेना. चार चिंचोके मुद्दाम वेगवेगळे घासले आहेत, एक अगदी अर्धा होईपर्यंत. प्रत्येकाला नखपॉलिशचे एक, दोन, तीन, चार ठिपके. आधी प्रत्येक चिंचोका एकटा दोनशे वेळा टाकायचा, मग चारही एकत्र, आणि गुणाकार करून काढलेले आकडे जुळतात का पाहायचं, असा तिचा बेत आहे. मॅडम, दोनशे पुरतील का, की जास्त हव्यात?

निवृत्त_मास्तरीण | गुरुवार, रात्री १०.४५

दोनशेत अंदाज येईल, पण शंभरात सहा-सात इकडे-तिकडे होऊ शकतं. पाचशे केल्या तर आकडा बराच स्थिर होईल. एकदम नको, रोज थोड्या. आणि प्रत्येक वेळी हातात चांगले खुळखुळवून, सारख्याच उंचीवरून टाकायला सांगा. बोटांची कातडी सांभाळा म्हणावं.

मानेवाडा_बाबा | गुरुवार, रात्री ११.०५

सांगितलं. जास्त घासलेल्या चिंचोक्याच्या पन्नास फेकी आजच झाल्या, पांढरा ३१ वेळा वर. आता झोपायला पाठवलं आहे, पण खोलीतून अजून खुळखुळ ऐकू येऊन राहिली.